चाकू घ्यायला निघालात? चुंबक बरोबर ठेवा

पालघर जिल्ह्यात धारेला तोटा नाही. सातपाटीला मासळी साफ करणाऱ्या बाईच्या पुढ्यात विळी असते. केळव्याच्या रस्त्यावर एप्रिल-मेमध्ये ताडगोळे काढून देणाऱ्याच्या हातात कोयता असतो आणि त्याचा हात इतका बसलेला असतो की आतल्या गराला ओरखडा उठत नाही. जव्हार, विक्रमगडच्या पाड्यांवरून रानात निघालेल्या माणसाच्या कमरेला आकडी आणि आकडीत कोयता, हे आजही रोजचं दृश्य आहे. जुन्या पिढीतल्या आजोबांची चंची उघडली की पान, चुना, सुपारी यांच्या जोडीला अडकित्ता निघायचाच. ज्याला जे काम, त्याला तसं पातं.

यातून सुटला तो बोईसरचा नोकरदार. तारापूर एमआयडीसीत पाळीवर जाणारा कामगार, विरार-डहाणू लोकलने ये-जा करणारी शिक्षिका, उमरोळीहून दुचाकीवर निघणारा इलेक्ट्रिशियन, पालघरच्या मुख्यालयात कागदपत्रं घेऊन खेपा घालणारा माणूस. यांच्या खिशात किंवा पर्समध्ये कापायला काहीच नसतं. मग सुतळी दातांनी तुटते, पार्सलवरची पट्टी किल्लीने फाडली जाते, आणि गाडीत घेतलेला पेरू चौघांत वाटायचा तर विकणाऱ्याचीच सुरी मागावी लागते. या सगळ्याला उत्तर असलेली वस्तू लहान आणि स्वस्त आहे: घडीचा चाकू. तो निवडताना मात्र बहुतेकांची फसगत होते, कारण चाकूचा जो भाग पैसे देण्याजोगा असतो तो डोळ्यांना दिसत नाही.

स्टेशनबाहेरच्या टपरीवर किंवा आठवडे बाजारात शे-दीडशे रुपयांना मिळणारा घडीचा चाकू नीट हातात घेऊन पाहावा. मुठीला लाकडासारखा रंग दिलेलं प्लास्टिक. पातं आरशासारखं चकचकीत. उघडताना सैल, मिटताना कुरकुरणारं. उघडलेलं पातं चिमटीत धरून डावी-उजवीकडे हलवलं तर ते खिळ्यावर डुलतं. नवा असताना तो कागद कापतो, टोमॅटोही कापतो. महिनाभरात टोमॅटो चेंगरू लागतो. विकणारा सांगतो, ‘स्टेनलेस आहे साहेब, गंजणार नाही.’ त्याचं म्हणणं खोटं नसतं. पण न गंजणं हा एक गुण आणि धार धरणं हा दुसरा. दोन्ही एकाच पोलादात आपोआप येत नाहीत.

ही गोष्ट समजून घ्यायला बोईसरसारखी जागा नाही. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत विराज प्रोफाइल्ससारखा कारखाना स्टेनलेस स्टीलच्या सळ्या, तारा, फ्लँज तयार करतो. इथल्या कितीतरी घरांत पोलादाच्या ग्रेडचे आकडे सहज बोलण्यात येतात. त्यातला सगळ्यात ओळखीचा आकडा ३०४. यात साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं. घरातले चांगले डबे, तांबे, वाट्या याच जातीचे. हे पोलाद गंजाला दाद देत नाही, पण तापवून विझवलं तरी कडक होत नाही. गावचा लोहार कोयत्याला पाणी पाजतो, म्हणजे पातं लालबुंद तापवून झटकन पाण्यात किंवा तेलात बुडवतो. तसं पाणी ३०४ला चढतच नाही. अशा पोलादाचं पातं कितीही चकचकीत असलं तरी त्याची कड मऊच राहणार.

पात्यासाठी वेगळं कूळ लागतं. त्यात क्रोमियम साधारण १३ टक्के, निकेल जवळजवळ नाही आणि कार्बन बराच जास्त. हे पोलाद हजार अंश सेल्सिअसच्या आसपास तापवून झटकन थंड केलं की कडक होतं. मग सुमारे दोनशे अंशांना पुन्हा हलकं तापवून त्याचा ठिसूळपणा काढतात. या दोन पायऱ्या नीट झाल्या तर चाकू वर्षानुवर्षं साथ देतो. घाईत उरकल्या तर पोलाद कितीही चांगलं असो, फुकट जातं. स्वस्त आणि बरा यांतला खरा फरक इथे पडतो, आणि तो दुकानाच्या काचेतून दिसणं शक्य नाही.

म्हणून चुंबक. फ्रिजच्या दारावर लावायचा साधा चुंबक पुरतो. ३०४च्या जातीचं पोलाद चुंबकाला जेमतेम ओढ देतं किंवा देतच नाही; पाणी पाजता येणारं पोलाद चुंबकाला घट्ट धरतं. चुंबक चिकटला म्हणजे चाकू उत्तम असं नव्हे, कारण पाणी नीट पाजलं आहे का ते चुंबक सांगत नाही. पण चिकटलाच नाही तर तो चाकू परत ठेवून द्यावा. दुकानदार थोडा विचित्र नजरेने पाहील, तेवढंच.

स्टेनलेस पात्याचा इतिहासही याच अडचणीपासून सुरू होतो. इंग्लंडमधल्या शेफील्ड या चाकूंच्या गावी हॅरी ब्रेअर्ली हा धातुतज्ज्ञ बंदुकीच्या नळ्या आतून झिजतात, त्यावर उपाय शोधत होता. १९१३ मध्ये त्याने १२.८ टक्के क्रोमियम आणि ०.२४ टक्के कार्बन असलेलं पोलाद ओतलं. ते गंजत नाही, व्हिनेगर-लिंबालाही दाद देत नाही, हे पाहून बंदूक बाजूला ठेवून त्याला सुऱ्या दिसू लागल्या. शेफील्डच्या कारागिरांनी मात्र त्याची टिंगल केली: न कापणारा चाकू काढलाय म्हणाले. नव्या पोलादाला पाणी पाजायची रीत त्यांना अजून सापडली नव्हती. ती सापडल्यावर जगाची स्वयंपाकघरं बदलली. बाजारातला शे-दीडशेचा चाकू अजून त्या टिंगलीच्या काळातच अडकलेला असतो.

थोडे जास्त पैसे मोजायची तयारी असेल तर पात्यावरचं नाव वाचायला शिकावं. पाचशे-हजारांच्या घरात मिळणाऱ्या बऱ्याच चिनी चाकूंवर ‘८सीआर१३एमओव्ही’ असं काहीतरी कोरलेलं असतं. हे नाव स्वतःच माहिती देतं: सुमारे ०.८ टक्के कार्बन, १३ टक्के क्रोमियम. रोजच्या कामाला हे पोलाद पुष्कळ झालं. ‘डी२’ असं लिहिलेलं पातं धार जास्त काळ धरतं, पण ते पूर्ण स्टेनलेस नाही. किनाऱ्यावर राहणाऱ्याने, विशेषतः सातपाटी, चिंचणी, डहाणूच्या खाऱ्या वाऱ्यात, ते घेताना दोनदा विचार करावा; पुसायला विसरलं की त्यावर तपकिरी ठिपके उठतात. आणि ज्या पात्यावर नुसतंच ‘स्टेनलेस स्टील’ आहे, त्याने काहीच सांगितलेलं नाही असं समजावं.

जगात स्वस्त आणि मस्त म्हणून नावाजलेले दोन चाकू भारतातही मिळतात. फ्रान्सच्या साव्हुआ भागातला ओपिनेल १८९० पासून जवळजवळ त्याच आकारात बनतो: बीच लाकडाची मूठ, पातळ पातं, आणि १९५५ पासून पातं अडकवून ठेवणारी फिरती कडी. कापण्यात त्याचा हात धरणारा चाकू या किमतीत सापडणं कठीण. पण पालघरच्या पावसात त्याची एक खोड उघडी पडते. दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडणाऱ्या या पट्ट्यात लाकडी मूठ ओलावा पिऊन फुगते आणि पातं आत आवळलं जातं. जुलैमध्ये तो नखाने उघडता उघडत नाही. त्याची साध्या कार्बन पोलादाची आवृत्ती तर या हवेत रोज पुसावी लागेल. घ्यायचाच तर स्टेनलेसचा घ्यावा आणि सांध्यात पावसाळ्याआधी थोडं मेण किंवा तेल मुरवावं.

दुसरा स्विस. इबाखच्या कार्ल एल्सनरने १८८४ मध्ये कारखाना काढला, १८९१ मध्ये स्विस सैन्याला चाकू पुरवले, आणि १८९७ मध्ये एका मुठीत अनेक अवजारं असलेल्या ‘अधिकारी चाकू’ची नोंदणी केली. कारखान्याला त्याने दिवंगत आईचं नाव, व्हिक्टोरिया, दिलं होतं. १९२१ मध्ये न गंजणाऱ्या पोलादाची ‘इनॉक्स’ ही खूण त्या नावाला जोडली गेली आणि व्हिक्टोरिनॉक्स झालं. त्यांचा सगळ्यात लहान प्रसिद्ध चाकू मिटल्यावर ५८ मिलिमीटरचा, म्हणजे बोटाएवढा. छोटं पातं, कात्री, कानस, चिमटा, दातकोरणी. किंमत हजार-दोन हजारांच्या घरात जाते आणि पातं इतकं लहान आहे की कलिंगडापुढे त्याचं काही चालत नाही. पण लोकलने ये-जा करणाऱ्या माणसाला दिवसभरात जे कापावं लागतं, त्यातलं बहुतेक त्याची कात्रीच कापते. पर्समध्ये ठेवण्यासाठी एकच चाकू सुचवायचा तर तो हा.

लांबीचा प्रश्न आला की बहुतेकजण मोठ्याकडे झुकतात. गरज नसते. सहा ते सात सेंटिमीटरच्या पात्याने सफरचंद, काकडी, पाव, सुतळी, खोक्याची पट्टी, विजेच्या तारेवरचं वेष्टन हे सगळं होतं. जाडीकडे मात्र लक्ष द्यावं: दोन मिलिमीटरचं पातं फळात सरकतं, साडेतीन मिलिमीटरचं फळ फोडतं. जाड पातं मजबूत दिसतं म्हणून विकलं जातं. कापायला ते वाईटच.

खटका हवा की नको, हा पुढचा मुद्दा. साध्या चाकूत पातं पाठीच्या स्प्रिंगच्या जोरावर उघडं राहतं आणि दाबलं की मिटतं. फळं-पार्सलांना एवढं पुरतं. कडक वस्तूवर जोर लावताना पातं उलट्या दिशेने बोटांवर मिटू शकतं. इलेक्ट्रिशियन, माळी, मासेमार यांनी म्हणून पातं अडकवणारा खटका असलेला चाकू घ्यावा. दुकानात तो उघडून, पात्याची पाठ टेबलाच्या कडेवर हलकेच ठोकून पाहावी, बोटं पात्याच्या वाटेत न ठेवता. खटका सुटला तर तो चाकू घेऊ नये. बटण दाबताच झडप घालून उघडणारा चाकू हा वेगळाच प्रकार, आणि तो टाळलेलाच बरा.

टाळण्याचं कारण नुसतं सुरक्षेचं नाही. आपल्याकडे खिशातल्या चाकूवर रामपुरीची सावली आहे. उत्तर प्रदेशातल्या रामपूरचा हा बटणाचा लांब चाकू हिंदी सिनेमाने घरोघरी पोचवला, तो गुंडाच्या हातातून. त्या शहराने २०२३ मध्ये एका चौकात सुमारे वीस फुटी रामपुरी उभारून आपल्या कारागिरीची आठवण ठेवली. देशभर मात्र चाकू म्हटलं की आधी भोसकणं आठवतं. म्हणून रूपाचाही विचार करावा. काळाकुट्ट, दातेरी, टोकदार, ‘टॅक्टिकल’ म्हणून विकला जाणारा चाकू कापतो तेवढंच, पण तपासणीत तो बाहेर निघाला की पन्नास प्रश्न उभे करतो. लाल किंवा लाकडी मुठीचा, नखाने उघडायचा छोटा चाकू पाहणाऱ्याला फळाची आठवण करून देतो. आणि स्वसंरक्षणासाठी म्हणून तर चाकू मुळीच बाळगू नये. झटापटीत तो कोणाच्या हातात जाईल हे कोणी सांगू शकत नाही, आणि त्या हेतूने बाळगलेला चाकू कायद्यापुढे अवजार राहत नाही.

कायदा नेमका काय म्हणतो, हे माहीत असलेलं चांगलं. शस्त्र अधिनियम १९५९ आणि त्याखालच्या नियमांत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याची हत्यारं येतात, आणि त्यातूनही घरगुती, शेतीच्या, वैज्ञानिक किंवा औद्योगिक कामासाठी बनवलेली वगळली आहेत. खिशातला सात सेंटिमीटरचा चाकू या मापाच्या जवळपासही जात नाही. पण महाराष्ट्रात याहून महत्त्वाचं कलम दुसरं आहे: महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१, कलम ३७. सण, निवडणूक, मोर्चा किंवा तणावाच्या काळात जिल्हाधिकारी वा पोलीस आयुक्त या कलमाखाली मनाई आदेश काढतात. सार्वजनिक ठिकाणी शस्त्रं, तलवारी, भाले, लाठ्या बाळगायला त्यात बंदी असते, आणि चाकूचा उल्लेख या कलमात स्पष्ट आहे. तिथे इंचांची सूट नाही. आदेश मोडल्यास कलम १३५ खाली कैदेची तरतूद आहे.

बोईसरच्या प्रवाशासाठी यात एक गुंतागुंत आहे. बोईसर, पालघर, सफाळे हा भाग पालघरच्या पोलीस अधीक्षकांच्या अखत्यारीत येतो. पण विरार आलं की, जिल्हा तोच असूनही, १ ऑक्टोबर २०२० पासून सुरू झालेलं मिरा-भाईंदर, वसई-विरार पोलीस आयुक्तालय लागतं. दहिसरपासून मुंबईचं. म्हणजे चर्चगेटला कामाला जाणारा माणूस एका प्रवासात तीन हद्दी ओलांडतो, आणि मनाई आदेश तिन्हींकडे वेगवेगळ्या तारखांना असू शकतात. गणपती, निवडणुका, मोठे मोर्चे या दिवसांत चाकू घरीच ठेवावा. दिल्लीला जाणाऱ्याने आणखी जपावं: तिथे १९८० च्या अधिसूचनेनुसार ७.६२ सेंटिमीटर किंवा त्याहून लांब आणि १.७२ सेंटिमीटर किंवा त्याहून रुंद पात्याचा चाकूही अडचणीत आणू शकतो. विमानात पात्याची कोणतीही वस्तू हातातल्या बॅगेत चालत नाही. ती सामानात टाकायची. किल्लीच्या जुडग्याला लावलेला इवलासा चाकू विसरून विमानतळावर गमावणारे पुष्कळ असतात.

आणि तारापूर अणुऊर्जा केंद्र. १९६९ पासून वीज देणाऱ्या या केंद्राच्या दारावर केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाचा पहारा आहे. तिथे कामाला जाणाऱ्याने खिशात पातं नेण्याचा विचारही करू नये. एमआयडीसीतल्या अनेक कारखान्यांच्या गेटवरही झडती होते, आणि ती योग्यच आहे. खरं तर पॅकिंग खात्यातल्या कामगाराला घडीचा चाकू हे चुकीचंच अवजार. दिवसभर खोकी, पट्ट्या आणि प्लास्टिकचं वेष्टन कापायचं असेल तर तुकडे मोडत जाणारा कटर सरस. १९५६ मध्ये ओसाकातल्या योशिओ ओकादा यांनी तो शोधला: धार गेली की टोकाचा तुकडा मोडायचा, नवी धार तयार. हात सैल पडताच पातं आपोआप आत जाणारे सुरक्षित कटरही मिळतात. ते कंपनीकडून मागून घ्यावेत आणि कामावरच ठेवावेत.

घेतलेला चाकू टिकवणं हे निवडण्याइतकंच महत्त्वाचं. लिंबू, कैरी, कच्चा पेरू कापल्यावर पातं लगेच धुऊन, पुसून मगच मिटावं. ओलं मिटलं तर पाणी सांध्यात साठतं आणि गंज तिथून सुरू होतो. समुद्राकाठी आणि रसायनांच्या कारखान्यांच्या आसपासच्या हवेत स्टेनलेस पात्यालाही बारीक खड्डे पडतात. त्यासाठी सांध्यावर थेंबभर तेल पुरे. खोबरेल चालतं, पण थंडीत ते थिजतं आणि चाकू चिकट होतो. औषधाच्या दुकानात मिळणारं लिक्विड पॅराफिन त्याहून बरं. फळाला लागलं तरी अपाय नाही, वासही नाही.

धार गेली म्हणून चाकू फेकणारे लोक आहेत, हे पाहून वाईट वाटतं. दारावर येणारे शिकलगार पिढ्यान्‌पिढ्या साणेवर धार लावत आले आहेत, आणि विळी-कोयत्याला त्यांच्यासारखा हात नाही. पातळ, लहान पातं मात्र वेगाने फिरणाऱ्या चाकावर द्यायचं तर सांगून द्यावं: हलक्या हाताने, मधूनमधून पाण्यात बुडवत. कडेला पिवळसर किंवा निळी झाक दिसली की समजावं, पातं फार तापलं आणि त्याचं पाणी उतरलं. तेवढी कड पुन्हा मऊ झाली. त्यापेक्षा हार्डवेअरच्या दुकानात मिळणारा, एका बाजूने खरखरीत आणि दुसऱ्या बाजूने बारीक असा धारेचा दगड घरी ठेवावा. दगड ओला करायचा. पातं दगडावर उभं धरलं की नव्वद अंश. त्याचं निम्मं पंचेचाळीस, त्याचंही निम्मं म्हणजे बावीसच्या आसपास. त्या कोनात, जोर न लावता, दगडाचा पातळ काप काढत असल्यासारखं पातं पुढे सरकवायचं. एका बाजूने घासताना दुसऱ्या बाजूला बोटाला जाणवेल इतकी बारीक कुसळ उठते. ती पूर्ण लांबीला उठली की बाजू बदलायची. मग बारीक दगडावर आळीपाळीने दोन्हीकडे हलके हात, आणि शेवटी जुन्या चामडी पट्ट्यावर पातं उलट दिशेने ओढायचं. वर्तमानपत्राचा कागद हवेत धरून कापला तर तो सरळ, न फाटता चिरला जायला हवा. जिथे अडकला, तिथे धार लागायची राहिली आहे. तेवढाच भाग पुन्हा दगडावर घ्यावा.